फोर-व्हील गाडी घ्यायची तर चिखलात बघून

मागच्या वेळी आम्ही नाचणीच्या पिठाच्या हिशोबाबद्दल बोललो होतो. त्यानंतर पलीकडच्या वाडीतल्या गटाचा निरोप आला, "ते पिठाचं कळलं, पण तुमच्या गाडीचं सांगा की. आम्हीपण जुनी फोर-व्हील बघतोय." म्हणून आज गाडीचं. ऐकताना काही जणींना हसू येईल, बायकांनी काय गाडीखाली शिरायचं म्हणून. आम्हीही हसलो होतो. ते हसणं आम्हाला अडतीस हजारांना पडलं.

आमची वाडी पाटण तालुक्यात, डोंगराच्या माथ्यावर. दूध संकलन केंद्र सहा किलोमीटर खाली. त्यातले वरचे दोन किलोमीटर कच्चे, तांबड्या मातीचे, आणि मधे एक ओढा. उन्हाळ्यात कुठलाही पिकअपवाला वर येतो. मिरगाचा पाऊस लागला की फोन उचलत नाही. चार महिने दूध डोक्यावरून न्यायचं, नाहीतर घरी तूप करायचं. म्हणून आम्ही सतरा जणींनी ठरवलं, गटाचीच गाडी घ्यायची, आणि घ्यायची तर चारी चाकं ओढणारी. अकरा वर्षांची बचत त्यात घातली. दोन लाख चाळीस हजारांना एक जुनी जीप मिळाली.

बघायला गेलो तेव्हा गाडी धुऊन-पुसून उभी होती. मालकांनी डांबरी रस्त्यावर एक चक्कर मारून आणली. मग फोर-व्हीलची लिव्हर ओढली, काचेजवळचा दिवा लागला. "वाकून बघा," म्हणाले, "पुढचा शाफ्ट फिरतोय." आमच्यातल्या दोघी वाकल्या. खरंच फिरत होता. आम्ही तिथंच विसार दिला.

श्रावणातल्या पहिल्या मोठ्या पावसात गाडी ओढ्याच्या चढावर अडली. मागची चाकं गरगरा फिरून चिखल उडवत होती आणि पुढची दोन चाकं देवळातल्या नंदीसारखी बसून होती. लिव्हर ओढलेली, दिवा लागलेला, शाफ्ट फिरतोय, पण चाकं ढिम्म. रात्री नऊपर्यंत तिथं होतो. चार कॅन दूध नासलं. दूध गेलं ते गेलं, पण पुढच्या बैठकीत तिघी जणी म्हणाल्या, आमची बचत मोजून परत द्या, आम्हाला गट नको. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

कराडच्या मेकॅनिकदादांनी पुढच्या चाकाचं हब उघडलं तेव्हा उलगडा झाला. अशा बऱ्याच जुन्या गाड्यांत पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध हब असतं. ते 'लॉक' केलं तरच शाफ्टची ताकद चाकापर्यंत पोचते. आमच्या गाडीत एका हबातले दाते झिजून सपाट झालेले, दुसऱ्यातला आतला भाग काढूनच टाकलेला, वर झाकण नीट बसवलेलं. म्हणजे इंजिनापासून शाफ्टपर्यंत सगळं ठीक आणि शेवटच्या वितीला काहीच नाही. आम्ही बघितलं ते खरं होतं. पण अर्धंच होतं.

तेव्हापासून आम्ही तीन गटांबरोबर गाड्या बघायला गेलो. आमच्या एका जावेची मुलगी आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकते, ती सोबत असते. तिनं शिकवलेलं आणि आम्ही हात काळे करून शिकलेलं, असं दोन्ही सांगतो.

पहिल्यांदा स्वतःला विचारा, फोर-व्हील हवीच का? तुमच्या वाडीपर्यंत खडी पडलेली असेल, वर्षातून पाच-सहा दिवसच अडचण होत असेल, तर साधी मागच्या चाकावर चालणारी गाडी घ्या. फोर-व्हीलला एक जादा गिअरपेटी, एक जादा शाफ्ट आणि पुढचं डिफरन्शियल असतं. तेवढं वजन, तेवढं ऑइल आणि तेवढे भाग खराब व्हायला जास्त. डिझेलही थोडं जास्त पितं. आणि नावावर जाऊ नका. बोलेरो म्हटली की फोर-व्हील असं कित्येकांना वाटतं, पण रस्त्यावरच्या बहुतेक बोलेरो मागच्या दोन चाकांवरच चालतात. फोर-व्हीलच्या वेगळ्या. मागं तसं स्टिकर असलं तरी खाली वाकून पुढच्या दोन चाकांमधे डिफरन्शियलचा गोळा दिसतो का ते बघा. स्टिकर बाजारात मिळतं.

मोठाले टायर घातलेली, उंच केलेली, पुढं दिव्यांची माळ लावलेली गाडी आम्ही बघायलासुद्धा जात नाही. ती हौसेनं दामटलेली असते, आणि आरसी बुकात लिहिलंय एक, उभी आहे दुसरीच, असं झालं की पासिंगला अडते. साधी, मळकी, शेतकऱ्यानं वापरलेली गाडी बरी. तिचे भाग जवळच्या तालुक्याच्या गावात मिळतात का, हे आधी दुकानात जाऊन विचारून या. जो भाग मुंबईहून मागवावा लागतो त्याच्यासाठी गाडी पंधरा दिवस अंगणात उभी राहते, आणि म्हैस काही तोवर दूध द्यायची थांबत नाही.

आता गाडी बघायला जाताना काय न्यायचं. एक जुनी ताडपत्री, बॅटरी, छोटी हातोडी, लोहचुंबक, सुतळी, आणि जुनी साडी फाडून केलेली फडकी. सकाळी लवकर जायचं आणि मालकांना आदल्या दिवशीच सांगायचं, गाडी चालू करू नका, आम्ही आल्यावर करू. पोचल्यावर पहिलं काम, पोराच्या कपाळावर ताप बघायला हात ठेवतो तसा बॉनेटवर हात ठेवायचा. गरम असेल तर समजायचं, काहीतरी लपवायला आधीच चालू करून ठेवलीय. थंड इंजिनच खरं बोलतं.

रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचं, गरम असताना कधीच नाही. अंगावर उकळतं पाणी उडतं. आतल्या पाण्यावर तेलाची साय दिसली किंवा ऑइल भरायच्या झाकणाला आतून पिवळट-पांढरा लोण्यासारखा थर दिसला, तर पाणी आणि ऑइल आत कुठंतरी एक होत असण्याचा संशय धरायचा. मेकॅनिकनं नीट तपासल्याशिवाय पुढं जायचं नाही. मग गाडी चालू करायची आणि एकीनं मागं उभं राहायचं. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो, तो गेला पाहिजे. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर वाईट. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा धूर डिझेलच्या पंपाचा किंवा नोझलचा असू शकतो, तो त्या मानानं स्वस्तात सुटतो. शेवटी चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून बघायचं. तिथून फसफस वाफा मारत असतील तर बोअर-पिस्टनचं काम आलंय. हे काम मोठं असतं, किमतीत तेवढे पैसे उतरलेच पाहिजेत.

इंजिनाबद्दल एवढंच. कारण इंजिन कुणीही बघतं. जुन्या फोर-व्हीलमधे खरी गोम खाली असते.

ताडपत्री अंथरायची आणि गाडीखाली जायचं. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कुणीही, कशासाठीही जायचं नाही. खाली गेल्यावर आधी चासी बघायची, म्हणजे ज्या दोन लांब लोखंडी पट्ट्यांवर सगळी गाडी बसलेली असते त्या. पाटे जिथं जोडलेले असतात आणि स्टीअरिंगची पेटी जिथं बसवलेली असते तिथं बारीक चिरा पडतात. वेल्डिंगचे गुठळे दिसले तर विचारायचं, कधी आणि कशानं. हातोडीनं हळूच ठोकत जायचं. चांगलं लोखंड खणखणतं, गंजलेलं भदभद वाजतं. सगळीकडे ताजा काळा रंग मारलेला असेल तर जास्त ठोकायचं. पत्र्यावर चुंबक फिरवायचं. जिथं चिकटत नाही तिथं आत लांबी भरलेली आहे. कोकणात समुद्राकाठी राहिलेली गाडी वरून कितीही देखणी असली तरी खालून आधी बघा, खारी हवा पत्रा आतून खाते.

मग शाफ्ट. एक मागं जातो, एक पुढं. पुढचा आहे ना, हेच आधी बघा. कटकट नको म्हणून लोक तो काढून ठेवतात. हातानं धरून मागंपुढं पिळायचा. क्रॉस झिजलेले असतील तर खटखट लागतं. क्रॉस स्वस्त असतात, घाबरायचं कारण नाही, पण घासाघीस करायला कामाला येतात.

डिफरन्शियलच्या ऑइलचं बूच मेकॅनिककडून उघडून घ्या आणि बोट बुडवून ऑइल बोटावर चोळा. ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी शिरलंय. ओढ्यातून जाणाऱ्या गाडीत हे होतं. नुसतं ऑइल बदलून भागतं की आतले बेअरिंग गंजलेत, ते मेकॅनिक सांगेल. ऑइलमधे टिकलीच्या चुऱ्यासारखं चमचमणारं लोखंड दिसलं तर दाते झिजताहेत. तिन्ही पेट्यांचं बघा, पुढचं डिफरन्शियल, मागचं, आणि मधली फोर-व्हीलची पेटी.

सुतळी कशाला, असं मालक विचारतात. चारी टायरांचा घेर मोजायला. फोर-व्हील टाकली की पुढची आणि मागची चाकं एकमेकांना बांधली जातात. पुढं नवे टायर आणि मागं झिजलेले, किंवा मापच वेगळं, तर त्यांची आपसात ओढाताण होते आणि ती सगळी पेटीतल्या दात्यांवर येते. चार टायर वेगवेगळे दिसले तर ओळखायचं, मालकानं फोर-व्हील एकतर वापरलेली नाही, नाहीतर चुकीची वापरलीय. टायरवर चार आकडे असतात तेही वाचा. '२३१६' म्हणजे २०१६ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला.

आता आम्ही जिथं फसलो ती परीक्षा. गाडी सपाट आणि कडक जमिनीवर घ्यायची. इंजिन बंद, हँडब्रेक, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. दोन्ही हब 'लॉक' करायची, फोर-व्हीलची लिव्हर टाकायची, गाडी पहिल्या गिअरला ठेवायची. लिव्हर बसत नसेल तर गाडी हातभर पुढंमागं करा, दात्याला दाता मिळाला की बसते. मग पुढचं एकच चाक जॅकनं जमिनीपासून बोटभर उचलायचं आणि दोन्ही हातांनी फिरवायचं. थोडंसं हलून घट्ट अडलं तर चाकापासून पेटीपर्यंत साखळी जुळलेली आहे. चाक गरगर फिरलं तर कुठंतरी तुटलंय. हब, आस किंवा पेटी. मग दुसऱ्या बाजूचं चाक तसंच. दहा मिनिटांचं काम आहे. हे आम्हाला तेव्हा माहीत असतं तर तो सगळा श्रावण वेगळा गेला असता.

काही गाड्यांत लिव्हरऐवजी बटण असतं आणि हब आपोआप लागतात. तिथं ही परीक्षा घरी करू नका, मेकॅनिककडे करा.

चाक वर आहेच तर एक हात वर, एक खाली धरून ते हलवून बघा. खटखट लागली तर बेअरिंग किंवा किंगपिन झिजलेत. अशी गाडी खड्ड्यातून गेली की पुढची चाकं अंगात आल्यासारखी थरथरतात आणि स्टीअरिंग हातात राहत नाही. घाटात ते परवडत नाही.

त्यानंतर चालवून बघायचं, आणि डांबरावर नाही. डांबरावर ब्रेक, स्टीअरिंग, गिअर यांची परीक्षा होते, फोर-व्हीलची नाही. उलट कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून वळवलं तर गाडी अडखळते आणि पेटीवर ताण येतो. जो विकणारा डांबरावर फोर-व्हील टाकून गोल गोल फिरवून दाखवतो त्याला गाडीतलं कळत नाही असं आमचं मत झालंय. मालकांना म्हणायचं, चला, नांगरलेल्या रानात नाहीतर नदीच्या वाळूत. तिथं आधी नुसत्या मागच्या चाकांवर रुतू द्यायची, मग फोर-व्हील टाकून बाहेर काढायला सांगायचं. आपण बाहेर लांब उभं राहून पुढच्या चाकांकडे बघायचं. माती पुढूनही उडाली पाहिजे.

हळू चालीची जी फोर-एल असते ती गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून टाकायची. त्यात पहिल्या गिअरला पाय न देता गाडी चढावर मुंगीसारखी चढली पाहिजे. आणि उतारावर नीट लक्ष द्या. रेस सोडल्यावर लिव्हर आपोआप उडून न्यूट्रलला आली तर ती गाडी घेऊ नका. उतारावर इंजिन गाडीला धरून ठेवतं, ते सुटलं की सगळा भार ब्रेकवर. पेटी उघडून दुरुस्त होते, पण ती विकणाऱ्यानं करून द्यावी आणि आपण पुन्हा उतारावर बघावी.

मालकांना या सगळ्याचा राग येतो. एका ठिकाणी ऐकवलं गेलं, "बायका भाजी निवडायला आल्यात का?" आमच्यातल्या आक्का गाडीखालूनच म्हणाल्या, "व्हय, कीड असलेली बाजूला काढतोय." त्या दिवशी किमतीतून वीस हजार उतरले.

कागदाचं थोडक्यात, पण दुर्लक्ष करू नका. आरसी बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरशी स्वतः ताडून बघा. आकडा खरवडलेला वाटला तर सरळ घरी या. एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा, फिटनेस, बँकेचा बोजा हे बरंचसं दिसतं. बोजा असेल तर नमुना ३५ वर बँकेची सही आणि ना-हरकत दाखला झाल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओचं नमुना २८ चं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. दिल्लीच्या बाजूला दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, त्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. गाडी चांगली असू शकते, पण इकडचा कर आणि नव्यानं नोंदणी धरून किंमत काढा. थकलेली चलनं मालकांकडून आधी भरून घ्या.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी तपासणी करून नवी करायची. पंधरा वर्षं संपत आलेली गाडी स्वस्त का, ते यावरून कळेल. पिवळ्या पाटीच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस. आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन माणसं नेली, किंवा मालाच्या पिकअपच्या हौद्यात बायका भरून भांगलणीला नेल्या आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते. गाडी गटाची असो की कुणाची. आमची पांढऱ्या पाटीची आहे, तिच्यातून आम्ही आमचंच दूध आणि आमचाच माल नेतो. लोक नावं ठेवतात, ठेवू देत.

नावावर करायला नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, आणि तीस दिवसांच्या आत आपण अर्ज करायचा. विमा आपल्या नावावर करून घ्यायचा अर्ज चौदा दिवसांत. "कागद नंतर बघू" म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच द्यायचे. आमच्या गटाच्या नावावर नोंदणी होईना, म्हणून गाडी एका सभासद ताईंच्या नावावर आहे. तसा ठराव वहीत आहे आणि शंभर नाही तर पाचशेच्या स्टॅम्पवर करार केलाय. पण अपघात झाला तर नोटीस त्यांच्याच दारात येणार, हे त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना आधी समोर बसवून सांगितलं.

शेवटी किंमत ठरवताना एक हिशोब वहीत मांडा. गाडीची किंमत, नावावर करायचा खर्च, विमा, आणि पहिल्या तीन महिन्यांची दुरुस्ती. जुन्या गाडीला ती लागतेच. आम्ही आता सगळ्यांना सांगतो, हातात जेवढे आहेत त्यातले पाचातला एक भाग बाजूला ठेवा आणि उरलेल्यातच गाडी शोधा. आमच्याकडे तसा ठेवलेला नव्हता, म्हणून अडतीस हजार कर्जानं काढावे लागले. ते मागच्या दिवाळीला फिटले. त्या तिघींपैकी दोघी गटात राहिल्या, एक गेली. तिची बचत व्याजासकट दिली.

पलीकडच्या वाडीच्या मैत्रिणींनो, तुमची गाडी रविवारी बघायची ठरली आहे ना? आम्ही चौघी येतोय, मुलगीही सोबत आहे. ताडपत्री आणि जॅक आमचा. मालकांना मात्र आजच फोन करा, सकाळी गाडी चालू करू नका म्हणावं, आणि जवळपास नांगरलेलं रान कुठं आहे तेही विचारून ठेवा.